वीस आठवड्यांचा अव्वल

१९८८ साली पुरुष टेनिसमधल्या चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा स्वीडनकडे गेल्या. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या पुरती एक कोटीही नव्हती. विम्बल्डन स्टीफन एडबर्गने जिंकलं. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन या उरलेल्या तिन्ही स्पर्धा मॅट्स विलँडरने. त्या सप्टेंबरात अमेरिकन ओपनचा अंतिम सामना जिंकून तो जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला, तेव्हा नुकताच चोवीस वर्षांचा झाला होता. त्या जागी तो टिकला वीस आठवडे. पुढे १९९६ पर्यंत तो खेळत राहिला, पण १९८८ नंतर त्याच्या नावावर एकेरीची एकच स्पर्धा लागली, १९९० साली ब्राझीलमध्ये इतापारिकाला. एवढ्या उंचीवरून एवढ्या लवकर खाली येणाऱ्याबद्दल लोक ठरावीक बोलतात : पोट भरलं, भूक मेली, चॅम्पियनला लागणारा कणखरपणा मुळात नव्हताच. खुद्द विलँडरनेही नंतर कबूल केलं की शिखर गाठल्यावर पुढे खेळायचं कशासाठी ते त्याला कळेना. तरीही दोष स्वभावावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. तो ज्या तऱ्हेचं टेनिस खेळत होता, त्याच तऱ्हेने त्याला वर नेलं आणि त्याच तऱ्हेमुळे त्याला तिथे फार काळ राहता आलं नाही.

विलँडर जगासमोर आला तो आपल्याच देशाच्या ब्यॉन बोर्गची प्रतिकृती म्हणून. स्मोलांड प्रांतातल्या वेक्शो या गावचा सतरा वर्षांचा पोरगा, दोन हातांचा बॅकहँड, बेसलाइनवरून न थकता बॉल परत करत राहण्याची चिकाटी. १९८२ च्या फ्रेंच ओपनला बोर्ग आला नव्हता आणि तिथल्या लाल मातीवर या बिगरमानांकित पोराने आधी इव्हान लेंडलला पाच सेटमध्ये घालवलं, मग व्हिटास गेरुलायटिसला. उपान्त्य फेरीत समोर अर्जेंटिनाचा होजे लुईस क्लर्क होता. मॅच पॉइंटवर क्लर्कचा फटका बाहेर पडल्याचा इशारा झाला, पंचांनी सामना संपल्याचं जाहीर केलं, आणि विलँडर पंचांच्या खुर्चीकडे गेला. बॉल आत होता, हा पॉइंट पुन्हा खेळू द्या, असं त्याचं म्हणणं. पॉइंट पुन्हा खेळला गेला, क्लर्कने बॉल नेटमध्ये मारला. अंतिम फेरीत गिलेर्मो विलासकडून पहिला सेट १-६ असा गमावूनही साडेचार तासांहून जास्त चाललेला तो सामना त्याने चार सेटमध्ये जिंकला. खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून क्लर्कविरुद्धचा हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी एका पॉइंटवर आली असताना, सारं स्टेडियम उठून उभं राहिलेलं असताना, या मुलाचं लक्ष बॉल नेमका कुठे पडला यावर होतं. त्याचं खरं भांडवल हे लक्ष होतं. बाकी हाताशी फारसं काही नव्हतं.

हे म्हणणं जरा उलगडून सांगायला हवं. त्या पिढीतल्या प्रत्येक मोठ्या खेळाडूकडे हुकमी हत्यार होतं. बेकरची सर्व्हिस, लेंडलचा फोरहँड, एडबर्गची व्हॉली, मॅकेन्रोचा तर सगळाच डावखुरा हात. मन थाऱ्यावर नसलेल्या दिवशीही असं हत्यार सामना ओढून नेतं. विलँडरची सर्व्हिस बेताची, फोरहँड भरवशाचा पण मारक नाही. त्यामुळे समोरच्याला काय आवडत नाही हे हेरायचं आणि दोन-चार तास नेमकं तेच त्याला देत राहायचं, एवढाच मार्ग त्याला उरत होता. १९८३ साली ऑस्ट्रेलियन ओपन अजून ग्रास कोर्टवर होत असे. मातीवर वाढलेल्या या खेळाडूने तिथे उपान्त्य फेरीत मॅकेन्रोला आणि अंतिम फेरीत लेंडलला हरवलं, पुढच्या वर्षी पुन्हा तीच स्पर्धा जिंकली. १९८७ मध्ये पॅरिस आणि न्यूयॉर्क या दोन्ही अंतिम सामन्यांत लेंडल त्याला भारी पडला. बेसलाइनवर उभं राहून लेंडलशी फटक्याला फटका देण्यात अर्थ नाही, हे त्या दोन पराभवांनी पक्कं केलं. मग विलँडरने वयाच्या तेविसाव्या वर्षी आपला खेळ नव्याने बांधला. ज्या दोन हाती बॅकहँडवर त्याचं नाव झालं होतं, त्याच्या जोडीला एका हाताचा स्लाइस आला. लेंडलला कमरेच्या उंचीवर वेगाने येणारा बॉल हवा असे. स्लाइस झालेला बॉल घोट्याजवळून सरपटत जायचा, तो उचलून मारताना लेंडलची ताकद वाया जायची आणि तेवढ्यात विलँडर नेटवर येऊन उभा असायचा. १९८८ च्या अमेरिकन ओपनची अंतिम लढत ६-४, ४-६, ६-३, ५-७, ६-४ अशी झाली. चार तास चौपन्न मिनिटं चाललेला तो सामना त्या स्पर्धेतला तोवरचा सर्वांत लांबलेला अंतिम सामना ठरला. सलग तीन वर्षं पहिल्या क्रमांकावर बसलेल्या लेंडलला खाली खेचण्यासाठी विलँडरला सेटमागून सेट स्वतःच्या मूळ खेळाविरुद्ध खेळावं लागलं. बोर्गच्या प्रतिकृतीला हे जमलं नसतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन ओपनला फारशी किंमत नव्हती, बरेच बडे खेळाडू तिकडे फिरकत नसत, तेव्हा त्याच्या एकूण सात ग्रँड स्लॅमपैकी दोन विजेतेपदं स्वस्तात पडली. शिवाय विम्बल्डनच्या एकेरीत त्याने उपान्त्यपूर्व फेरी कधी ओलांडली नाही. १९८८ च्या त्या सोनेरी वर्षातही तिथे मिलोस्लाव मेचीरने त्याला सरळ सेटमध्ये गुंडाळलं. यातला विम्बल्डनचा भाग खरा आहे, आणि तो माझ्याच मुद्द्याला धरून आहे. त्या काळच्या निसरड्या हिरवळीवर पॉइंट तीन-चार फटक्यांत संपत, विचार करून सामना वळवायला सवडच मिळत नसे. (दुहेरीचं विम्बल्डन मात्र त्याने १९८६ मध्ये योआकिम न्युस्ट्रोमबरोबर जिंकलं.) ऑस्ट्रेलियाबद्दलचा भाग टिकत नाही. १९८३ साली मॅकेन्रो आणि लेंडल या दोघांना एकाच स्पर्धेत हरवणं स्वस्त कुठल्याही हिशेबाने म्हणता येणार नाही. १९८८ ला स्पर्धा मेलबर्नच्या नव्या हार्ड कोर्टवर आली, तेव्हा घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या पॅट कॅशला त्याने पाचव्या सेटमध्ये ८-६ असं हरवलं. ग्रास, माती आणि हार्ड अशा तिन्ही प्रकारच्या कोर्टवर किमान दोन-दोन ग्रँड स्लॅम जिंकणं त्याच्याआधी एकाही पुरुष खेळाडूला साधलं नव्हतं. जिमी कॉनर्सलासुद्धा नाही. नंतरही ते नदाल, जोकोविच अशा मोजक्यांनाच जमलं.

लक्षावर चालणारा खेळ लक्ष उडालं की कसा होतो, हे दाखवणारे दोन सामने भारतीय वाचकाच्या ओळखीचे आहेत. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात नमवून भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. डिसेंबरात अंतिम लढतीसाठी गोथेनबर्गला बंदिस्त हॉलमध्ये मातीचं कोर्ट घातलेलं. तिथे विलँडरने रमेश कृष्णनला सरळ सेटमध्ये हरवलं आणि स्वीडनने लढत ५-० अशी खिशात घातली. त्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, जानेवारी १९८९ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुसऱ्या फेरीत हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. विलँडर आता जगातला अव्वल आणि गतविजेता, आणि रमेशने त्याला तीन सेटमध्ये घरी पाठवलं. कोर्ट वेगळं होतं हे खरं, रमेश अप्रतिम खेळला हेही खरं. पण हार्ड कोर्टवर वर्षभरात दोन ग्रँड स्लॅम जिंकलेल्याची ही गत झाली, तेव्हा नुसतं कोर्टकडे बोट दाखवून भागत नाही. रमेशकडे वेग नव्हता, सर्व्हिस तर विलँडरपेक्षाही हळू. होती ती नजाकत आणि डोकं. म्हणजे विलँडरच्याच भांडवलावर रमेश उतरला होता आणि त्या दिवशी ते त्याच्याकडे जास्त होतं. ती स्पर्धा लेंडलने जिंकली, पहिला क्रमांक परत घेतला. त्याच वर्षी न्यूयॉर्कलाही विलँडर दुसऱ्याच फेरीत हरला, पीट सँप्रस नावाच्या अठरा वर्षांच्या पोराकडून.

लेंडलही थकला असेल, बेकरचीही इच्छा मरत असेल, मग ते कसे टिकले, असं कुणी विचारेल. उत्तर मला त्यांच्या हत्यारांत दिसतं. निम्म्या मनाने खेळलेला बेकर सर्व्हिसच्या जोरावर एखादी फेरी काढून नेई. निम्म्या मनाने खेळलेल्या विलँडरकडे सामना जिंकून देणारं काहीच उरत नसे. त्यात लेंडलला हटवणं हे त्याच्यापुढचं शेवटचं कोडं होतं आणि ते सुटलं होतं. शिवाय तो घडला संघात. प्रशिक्षक योन्ते शोग्रेनच्या हाताखाली न्युस्ट्रोम, यारुद, हान्स सिमॉन्सन यांच्यासोबत प्रवास आणि सराव, पुढे स्वीडनसाठी तीन डेव्हिस कप. पहिला क्रमांक मात्र एकट्याने सांभाळायचा असतो. यातलं काहीही त्याच्या उतरत्या काळातल्या चुका झाकत नाही. १९९५ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याच्या चाचणीत कोकेन आढळलं आणि लांबलेल्या कज्ज्यानंतर १९९७ मध्ये तीन महिन्यांची बंदी आली. तो डाग त्याच्या कारकिर्दीवर आहे.

पण खेळ संपला होता का? १९९० च्या ऑस्ट्रेलियन ओपनचं उदाहरण घ्या. वर्षभर हेलकावे खाल्लेल्या विलँडरने तिथे उपान्त्यपूर्व फेरीत आदल्याच वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकलेल्या बेकरला सरळ सेटमध्ये हरवलं. पुढच्याच फेरीत एडबर्गसमोर त्याला तीन सेट मिळून चार गेम घेता आले.