उर्साला निघताय? पिकअपवरचा सांगाडा नीट बघून घ्या

जिल्काद महिन्यात गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाज (रह.) यांचा उर्स भरतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यातली मंडळी नळदुर्ग, उमरगा, आळंद करत तिकडे जातात. दोन-तीन मुक्काम म्हटले की देग, शेगडी, गाद्या, पाण्याचे कॅन सगळेच सोबत घ्यावे लागते. मग पिकअपच्या हौद्यावर लोखंडी पाईपचा सांगाडा ठोकून घेतात.

वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी गाडी किती वजन ओढते ते आरसीवर बघा. सांगाड्याचे लोखंडही त्यातच धरायचे. जाड पाईप दणकट दिसतो खरा, पण तेवढे सामान कमी न्यावे लागते. आमच्या मते उंची केबिनच्या टपाएवढीच पुरे. सांगाडा वेल्डिंगपेक्षा नट-बोल्टने बसवलेला बरा. परत आल्यावर काढता येतो, हौद्याचा पत्राही जळत नाही. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो. असे ५ कॅन वर बांधले तर वळणावर गाडी कलणारच. पाणी, देग, सिलिंडर खाली ठेवा. गाद्या नि ताडपत्री वर.

मात्र सांगाड्यात फळ्या टाकून बायका-पोरांना बसवू नका. मालगाडीत सवारी नेणे बेकायदा आहेच, शिवाय अशा फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे अपघात झालाच तर सगळा दावा गाडीमालकावर, आणि मालक बहुधा आपलाच मामू नाहीतर चाचा. माणसांसाठी जीप वेगळी करा. भाडे चार-पाच घरांत वाटून घेता येते.