गृही रुग्णसेवा आणि संसर्गाचा धोका

रुग्णालयात निदानाची नोंद, पुरेसा उजेड व हात धुण्याची सोय सिद्ध असते. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील सेवकास मात्र रोग्याच्या घरी याची शाश्वती नसते.

धोका मुख्यतः दोन मार्गांनी संभवतो. क्षयरोग्याच्या खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. दुसरा मार्ग रक्ताचा. अंधुक उजेडात वापरलेली सुई सेवकाच्याच बोटात शिरू शकते. रोगी बाधित असल्यास अशा टोचण्यातून एचआयव्हीची बाधा हजारी सुमारे ३, तर लस न घेतलेल्यांस ‘ब’ प्रकारच्या काविळीची शेकडा ६ ते ३० इतकी संभवते.

लस आधीच घ्यावयाची असते, आणि हातमोजे प्रत्येक रोग्याजवळ घालावयाचे असतात. हवेतील कण अडविणारी मुखपट्टी केव्हा चढवावी, हे मात्र पुष्कळदा दारात मिळणाऱ्या उत्तरावर ठरते. आणि तेथेच भाषा आड येते. लोकलज्जेस्तव क्षयाचे नाव उच्चारले जात नाही. ‘जुना खोकला’ एवढेच सांगितले जाते. म्हणून ‘रोग कोणता?’ यापेक्षा ‘खोकला किती आठवड्यांचा? गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ हे प्रश्न अधिक उपयुक्त होत. उत्तर दोन आठवड्यांहून अधिक आले, तर मुखपट्टी बांधून व खिडकी उघडूनच पुढील उपचार करणे इष्ट.