चहाच्या मगाला स्वेटर

'विणकाम? इंजिनिअरिंगच्या मासिकात?' संपादकांनी असंच विचारलं. म्हटलं, वाचा तर आधी. यात हीट ट्रान्सफरचं अख्खं युनिट आहे आणि व्हायवाला उपयोगी पडेल.

आमच्या होस्टेलच्या गेटवरच्या वॉचमनकाकांना रात्री साडेदहाला मेसमधून चहा मिळतो. स्टीलचा मग, साधारण २०० मिली चहा. पण साडेदहा ही नेमकी पोरं बाहेरून परत यायची वेळ. रजिस्टर, सह्या, 'काका, पाचच मिनिटं उशीर झालाय हो' वगैरे. हे सगळं आटपून काका मगाकडे वळेपर्यंत चहाचं सरबत झालेलं असतं. डिसेंबरात तर विचारूच नका. एकदा म्हणाले, "एवढे इंजिनिअर राहतात इथं, एकालाबी माझा चहा गरम ठेवता येईना?" गमतीतच म्हणाले, पण लागलं. हीट ट्रान्सफरचा पेपर नुकताच देऊन आलो होतो.

आमच्या घरी किटलीवर घालायची टीकोझी होती. म्हटलं मगालाही तसंच काहीतरी करू. दिवाळीच्या सुट्टीत आईकडून सुलट-उलट टाके शिकलो. रूमवर सुया काढल्या तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाळंतविडा कुणासाठी रे?" असो.

पहिलं कव्हर बारीक लोकरीचं, १० नंबरच्या सुयांवर, घट्ट आणि अगदी सुबक विणलं. लॅबमधून परवानगीने थर्मामीटर आणला. दोन सारखे मग, सारखंच गरम पाणी, एक उघडा आणि एकाला स्वेटर. वीस मिनिटांनी पाहतो तर फरक नावाला! माझी चार दिवसांची मेहनत आणि वर रूममेटचं हसू.

पहिला संशय क्रिटिकल रेडियसवर गेला. बारीक तारेवर इन्सुलेशन चढवलं तर कधी कधी उष्णता जास्तच बाहेर जाते, हे आपण शिकलोय. पण लोकरीसाठी ही त्रिज्या येते जेमतेम ४ मिमी आणि मगाची त्रिज्या ४० मिमी. म्हणजे दोष तिथे नव्हता.

दोष होता चकाकीत. चकचकीत स्टीलची एमिसिव्हिटी ०.१ ते ०.२ च्या आसपास असते, म्हणजे ते रेडिएशनने फारच थोडी उष्णता सोडतं. लोकरीची मात्र ०.९ च्या जवळपास. पातळ कव्हर घातलं की एका हाताने थोडं इन्सुलेशन दिलं आणि दुसऱ्या हाताने रेडिएशनचं दार उघडलं. जमाखर्च बरोबर! चिनी मातीच्या मगाची एमिसिव्हिटी मुळातच जास्त असते, त्यामुळे तिथे पातळ कव्हरही थोडंफार काम करतं. स्टीलला मात्र जाडीच हवी.

आणि जाडी कशाची, तर हवेची. चहा गरम ठेवते ती लोकर नव्हे, लोकरीत अडकलेली स्थिर हवा. स्टील हवेपेक्षा पाचशेपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. लोकरीचे धागे कुरळे असतात, म्हणून त्यांच्यात हवा अडकून बसते. घट्ट आणि सुबक विणून मी तीच हवा हाकलली होती.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: झाकण. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं की २०० मिली चहाचं तापमान साधारण पावणेतीन अंशांनी उतरतं. पुढच्या प्रयोगात नुसती बशी झाकलेल्या मगाने नुसता स्वेटर घातलेल्या मगाला हरवलं! दोन्ही असलेला मग अर्थातच पहिला आला. तेव्हा ज्यांना विणायचा कंटाळा आहे त्यांनी निदान बशी तरी झाका.

आता कृती. माझा मग ८ सेंमी व्यासाचा, म्हणजे घेर २५ सेंमी. उंची साडेनऊ सेंमी.

१. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या (४ मिमी) सुया घ्या. आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, दुकानात गोंधळू नका.

२. आधी छोटा तुकडा विणून १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. माझे २० बसले, म्हणजे २५ सेंमीला ५०. चारने भाग जायला हवा, म्हणून ४८ टाके घातले.

३. प्रत्येक ओळ दोन सुलट, दोन उलट. याने उभ्या नळ्या तयार होतात, त्यात हवा राहते आणि कापड ताणतंही.

४. ओठ लावायची कड सोडून साडेआठ सेंमी झाकायचे आहेत. त्याच्या दुप्पट, म्हणजे १७ सेंमी विणून टाके सैलसर बंद करा. मग आडवी घडी घाला, दोन थर झाले.

५. मगाभोवती गुंडाळून कानाच्या खाली आणि वर शिवा, कानापुरती फट ठेवा. फार ताणून बसवू नका, ताणलं की पुन्हा हवा गेली.

दोन सूचना. कव्हरसकट मग शेगडीवर किंवा हॉट प्लेटवर ठेवू नका. अॅक्रिलिकची लोकर तर वितळते. आणि खरी लोकर गरम पाण्यात चोळून धुऊ नका. मी बादलीतल्या कढत पाण्यात धुतली, ती आटून दाट झाली. आता त्यात शाईची दौत छान बसते. थर्मासला स्वेटर विणायच्याही भानगडीत पडू नका, त्याच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते, आपण त्यात काय भर घालणार?

काकांचा मग आता दुहेरी स्वेटरात आणि बशीखाली असतो. परवा विचारलं, "काका, कसा आहे चहा?" म्हणाले, "जीभ भाजली की रं पोरा."

सुयांचे दोन जोड माझ्याकडे आहेत. ज्यांना शिकायचंय त्यांनी जेवणानंतर रूमवर यावं. लोकर आपापली आणावी.