अंगात दाह, पण ताप नाही

अंगणवाडीत लोहाच्या सिरपची छोटी बाटली असते. ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमानुसार सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा त्यातलं १ मिलिलिटर, म्हणजे २० मिलिग्रॅम लोह द्यायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत या वयातली ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती. म्हणजे बाटलीची गरज उघड आहे. पण त्यातलं लोह मुलाच्या अंगी लागतं का?

दाटीवाटीची वस्ती, उंबऱ्याशी उघडं गटार, साठवलेलं पाणी. अशा घरातलं मूल खेळत असतं, अंगाला हात लावला तर ताप नसतो, आणि तरीही त्याचं शरीर आतून कुठल्या ना कुठल्या जंतूशी झुंजत असू शकतं. ही झुंज म्हणजेच दाह. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून दाह सुरू झाला की यकृत हेपसिडीन नावाचं संप्रेरक सोडतं. मग आतड्यातून रक्तात लोह जाण्याची वाट अडते आणि साठ्यातलं लोहही आत अडकून पडतं. लोहाचा साठा ज्या फेरिटिनवरून मोजतात, तेही दाहात वाढतं. अहवालात साठा पुरेसा दिसतो, मूल मात्र फिकट. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दोन वेगळ्या सीमा आहेत. निरोगी मुलात लिटरमागे १२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी फेरिटिन म्हणजे कमतरता. दाह असेल तर ही सीमा ३० वर जाते. आता दाह आहे की नाही हे मोजलंच नाही, तर कोणती सीमा लावणार?

टांझानियातल्या पेम्बा बेटावर या प्रश्नाची मोठी किंमत मोजावी लागली. तेव्हा तिथे हिवताप कायमचा होता. लहान मुलांना लोह आणि फॉलिक अॅसिड देण्याची तिथली मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण लोह घेणाऱ्या मुलांत मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी जास्त निघालं. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच चाचणीच्या एका उपगटात मुलांचं रक्त तपासलं जात होतं, हिवतापावर वेळेवर उपचार होत होते. तिथल्या खरोखर लोह कमी असलेल्या मुलांना लोहाचा फायदाच झाला. एवढ्यावरून लोहाला दोष देणं चूक ठरेल. मोजमाप आणि उपचार यांची जोड नसणं हा खरा धोका.

दाह मोजायची जुनी खूण म्हणजे सीआरपी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात हे प्रथिन आढळलं. संसर्गानंतर काही तासांत ते चढतं, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतं आणि कारण ओसरलं की तितक्याच झपाट्याने उतरतं. अल्फा-१ अॅसिड ग्लायकोप्रोटीन, म्हणजे एजीपी, त्याच्या उलट. ते सावकाश चढतं आणि आजार बरा झाल्यासारखा दिसला तरी बरेच दिवस रेंगाळतं. डेव्हिड थर्नहॅम या ब्रिटिश पोषणतज्ज्ञाने या दोन्हींची सांगड घातली. फक्त सीआरपी वाढलेलं मूल आजाराच्या उंबरठ्यावर, दोन्ही वाढलेलं मूल नुकतं सावरू लागलेलं आणि फक्त एजीपी वाढलेलं मूल बरं होण्याच्या शेवटच्या टप्प्यात.

भारतात २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या शिरेतून रक्त घेतलं गेलं. फेरिटिनबरोबर सीआरपीही तपासलं आणि ते लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेल्या मुलांना लोहाच्या हिशोबातून वगळलं. एवढ्या मोठ्या पाहणीत हे झालं, ही मोलाची गोष्ट. तरी चाळणी अर्धीच राहिली. आठवड्यापूर्वी जुलाबाने लोळागोळा झालेल्या मुलाचं सीआरपी तोवर उतरलेलं असतं, एजीपी नाही. असं मूल ‘निरोगी’ गटात मोजलं जातं आणि त्याच्या फुगलेल्या फेरिटिनमुळे लोहाची कमतरता आहे त्यापेक्षा कमी दिसते. पुढच्या प्रत्येक पोषण सर्वेक्षणात एजीपी असायलाच हवं.

आणि ते जमण्यासारखं आहे. तान्ह्या बाळाच्या टाचेला, मोठ्या मुलाच्या बोटाला टोचायचं. पहिला थेंब कापसाने पुसून टाकायचा, कारण त्यात ऊतींमधला द्रव मिसळलेला असतो. पुढचे थेंब जाड गाळणकागदावर छापलेल्या वर्तुळांत आपसूक पडू द्यायचे; बोट दाबून रक्त काढलं तर नमुना पातळ होतो. कागद सावलीत वाळवून, ओल शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करायचा. प्रयोगशाळेत मोजणीसाठी त्यातली जेमतेम ३ मिलिमीटरची चकती कापून काढतात. रक्तद्रव मिळत असेल तर काम आणखी सोपं. जर्मनीतल्या युर्गेन एर्हार्ट यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ३० मायक्रोलिटर द्रवात फेरिटिन आणि सीआरपीसह अनेक मापं एकदम होतात. एजीपीही त्यात बसवलेलं आहे.

रक्तातला हा दाह किती लवकर सुरू होतो, ते झिंबाब्वेतल्या हरारेच्या बाळांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांतून कळलं. दीड वर्षाची होईतो खुजी राहिलेली बाळं आणि नीट वाढलेली बाळं यांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. खुज्या बाळांत सीआरपी आणि एजीपी दोन्ही जास्त होती, तीही वयाच्या सहाव्या आठवड्यापासून. आणि वाढीला लागणारं आयजीएफ-१ हे संप्रेरक कमी. वरचं अन्न सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आतड्यातला दाह मात्र रक्तात पुरता उमटत नाही. त्यासाठी शी तपासावी लागते. वेल्लोर, ढाका, भक्तपूर यांसह आठ देशांत झालेल्या ‘माल-एड’ अभ्यासात कार्यकर्त्या आठवड्यातून दोनदा घरी जात आणि जुलाब नसतानाही दर महिन्याला शीचा नमुना घेत. त्यात पांढऱ्या पेशींतून येणारं मायलोपेरॉक्सिडेज, निओप्टेरिन आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या आतड्याच्या बिघाडाच्या खुणा मोजल्या. या तिन्हींचा एकत्रित गुणांक सर्वांत जास्त असलेली मुलं, सर्वांत कमी असलेल्यांच्या तुलनेत, पुढच्या सहा महिन्यांत सुमारे एक सेंटिमीटरने कमी वाढतील, असा हिशोब २०१३ मध्ये निघाला. जुलाब नसलेल्या मुलांचे हे नमुने होते.

मग पाणी आणि संडास सुधारले तर हा दाह उतरतो का? बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत हे करून पाहिलं गेलं. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.