चुनखडीची दरी आणि शिवथरची घळ

नदीने चुनखडीचा खडक कोरून केलेली दरी व तीत कोसळणारा धबधबा यांचे वर्णन भूगोलात येते. महाड-पोलादपूरकडील विद्यार्थ्याने तसा खडक पाहिलेला नसतो. धबधबे मात्र तो लहानपणापासून पाहत असतो. साहजिकच आपल्या गावचा ओढाही चुनखडीवरूनच पडतो, असा समज त्याच्या मनात रुजण्याचा संभव असतो. तो दूर करण्यास शिवथरघळीची सहल फार उपयोगी पडते.

ही घळ महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या परिसरात आहे. समर्थ रामदासांनी दासबोध येथे रचला अशी श्रद्धा असून, १९३० साली धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी हे स्थान उजेडात आणले. घळीलगतच धबधबा आहे. येथील खडक बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, त्यांतून हा प्रदेश बनला. सर्व थर सारखे कठीण नसतात. खालचा ठिसूळ थर पाण्याने आधी झिजतो, वरचा टणक थर वळचणीसारखा पुढे राहतो आणि आत पोकळी होते.

चुनखडीची गोष्ट निराळी. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल बनते. ते चुनखडीस नुसते झिजवीत नाही, विरघळविते. जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदेने संगमरवर कोरून दरी केली आहे, व तेथेच धुवांधार धबधबा आहे. संगमरवर हे चुनखडीचेच रूपांतर.

हा भेद वर्गातही दाखविता येतो. समुद्रकाठची शिंपली कुटून तीवर लिंबाचा रस पिळावा, बुडबुडे येतात. कोकणात शिंपल्या भाजूनच चुना करीत, हेही सांगावे. काळ्या दगडाच्या चुऱ्यावर तसे होत नाही. मात्र या दगडातील पांढऱ्या ठिपक्यांपैकी काही कॅल्साइटचे असतात व त्यांच्या चुऱ्यातून बुडबुडे निघतात. चिकित्सक विद्यार्थी नेमका तोच दगड उचलील! शिक्षकाने गोंधळून न जाता तो ठिपका भिंगातून सर्वांस दाखवावा.

सहल भर पावसाळ्यात मुळीच काढू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुराने महाडजवळील जुना पूल वाहनांसह नेला; २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळली. पाऊस ओसरल्यावर, ओढ्यास पाणी असतानाच जावे. तेव्हाही घाटमाथ्यावर पाऊस झाला तर खाली ऊन असूनही पाणी चढते. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज वाढला, तर हजेरीसाठीही थांबू नये; मुलांस प्रथम उंच जागी न्यावे, मोजणी तेथे करावी.