गोळ्याला शत्रू कसा कळतो?

नौदल सप्ताहात युद्धनौका पाहायला आलेली मंडळी पुढच्या डेकवरच्या तोफेपाशी हमखास थांबतात. एकदा एका शाळकरी मुलीने मला विचारलं, "काका, क्षेपणास्त्रांच्या जमान्यात ही तोफ कशाला?" तोफा शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तरी तिला दिलेलं उत्तर अर्धवटच राहिलं. ते आज पुरं करतो.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीबाहेर 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका गस्त घालत होती. आपल्या 'निर्घात'ने तिच्यावर क्षेपणास्त्र सोडलं. खैबरवरच्यांना अंधारातून झगझगीत उजेड येताना दिसला. त्यांना वाटलं, विमान आहे. विमानविरोधी तोफा धडधडल्या, पण उपयोग झाला नाही. दोनशेहून अधिक खलाशी जहाजाबरोबर गेले. आपण तो विजय साजरा करतो, आणि का करू नये? पण तोफची म्हणून मला त्या तोफांवरची माणसंही आठवतात.

त्यांची अडचण समजून घ्या. असं क्षेपणास्त्र सेकंदाला साधारण ३०० मीटर अंतर कापतं. ते पाच किलोमीटरवर असताना तोफ डागली, तर गोळ्याची आणि त्याची गाठ पडायला पाच सेकंद लागतात. तेवढ्यात ते दीड किलोमीटर पुढे आलेलं असतं. म्हणजे ते असेल तिथे नव्हे, तर पोचेल तिथे नेम धरायचा. तोही जहाज लाटांवर डोलत असताना! एवढ्याशा लक्ष्यावर थेट गोळा आदळणं हा निव्वळ योगायोग.

म्हणून गोळ्यालाच थोडी अक्कल दिली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी गोळ्याच्या टोकात चिमुकला रेडिओ बसवला. तो लहरी सोडतो, विमानावरून प्रतिध्वनी आला की ओळखतो आणि जवळून जाता जाताच गोळा फोडतो. तोफेतून सुटतानाचा प्रचंड हिसका त्यातल्या काचेच्या नळ्यांनी कसा सोसला असेल, याचं मला अजून नवल वाटतं. जानेवारी १९४३ मध्ये 'हेलेना' या क्रूझरने या गोळ्याने पहिलं विमान पाडलं. पुढे क्षेपणास्त्रं पाण्यालगत उडू लागली, तेव्हा हाच फ्यूज लाटांना शत्रू समजून फसू लागला. लाटेचा प्रतिध्वनी वेगळा काढायला शिकवण्यात बरीच वर्षं गेली. बोफोर्सच्या आधुनिक ४० आणि ५७ मिलिमीटर गोळ्यांना तर कुठे आणि कसं फुटायचं हे झाडतानाच सांगता येतं. फुटताच टंगस्टनचे छर्रे उधळतात. पाखरावर एकच गोळी झाडण्याऐवजी छऱ्यांची बंदूक वापरावी, तसंच.

मग त्याहून लहान, मिनिटाला हजारो गोळ्या ओकणारी तोफ का नको? तीही लागतेच. ३० जानेवारी २०२४ रोजी तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या 'ग्रेव्हली'ने अशाच २० मिलिमीटर तोफेने क्षेपणास्त्र पाडलं, पण ते जहाजापासून मैलभरावर येऊन ठेपलं होतं. इतक्या जवळ फुटलेल्या क्षेपणास्त्राचे जळते तुकडे त्याच वेगाने पुढे येतात, हा खरा धोका. ते दूर फोडायचं तर मोठा गोळा हवा.

आपल्या अनेक युद्धनौकांवर ७६ मिलिमीटरची इटालियन तोफ आहे. हरिद्वारला 'भेल'च्या कारखान्यात ती परवान्याने बनते. गोळा सुमारे सहा किलोचा, मारा मिनिटाला १२०. पहिली गाठ साडेतीन किलोमीटरवर पडली असं धरलं, तर क्षेपणास्त्र एक किलोमीटरवर येईपर्यंत आठ सेकंद मिळतात. सोळा-सतरा गोळे. पण क्षेपणास्त्र ब्रह्मोससारखं, सेकंदाला जवळजवळ किलोमीटर कापणारं असेल, तर पाचच!

पाच गोळ्यांत काम भागवायचं तर वाटेत वळणारा गोळा पाहिजे. इटालियनांनी याच तोफेसाठी 'डार्ट' नावाचा तसा गोळा केला आहे. तोफेवरून सोडलेल्या रेडिओ झोताच्या आधाराने तो पुढच्या पंखांनी दिशा बदलतो. साध्या गोळ्यापेक्षा महाग, पण क्षेपणास्त्रापेक्षा बराच स्वस्त.

२ मार्च २०२४ रोजी तांबड्या समुद्रात इटलीच्या 'काइओ दुइलिओ'ने ७६ मिलिमीटरच्या तोफेने एक ड्रोन सुमारे सहा किलोमीटरवर पाडलं. अर्थात, ड्रोन रमतगमत येतं. क्षेपणास्त्राची गोष्ट वेगळी.