नजरेची हद्द

भिंतीला कान असतात, असे आपण म्हणतो. त्या हिशेबाने खिडकीला डोळे असतात. कानांच्या भीतीने माणूस आवाज हळू करतो. डोळ्यांची भीती वाटली तर मात्र त्याला, आणि बहुतेक वेळा तिला, आपल्याच अंगणातून उठून आत जावे लागते. खिडकीवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत होणारी भांडणे म्हणूनच क्षुल्लक नसतात. अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने असतो, ते आज थोडे समजून घेऊ.

मी खुलताबादचा. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. रस्त्याकडची भिंत हातभर जाड; तिच्यात खिडकी असलीच तर लहान आणि उंचावर. उजेड यायचा तो मधल्या चौकातून आणि माळवदाला ठेवलेल्या सवण्यातून. दरवाजा सताड उघडा असला तरी ढाळजेतल्या माणसाला आतली चूल दिसत नसे. हिंदूंचा वाडा असो की मुसलमानांची हवेली, रचना साधारण हीच. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकायला गडी चढायचा, तेव्हा तो आधी मोठ्याने हाक द्यायचा. आजूबाजूच्या अंगणांतल्या बायका ती हाक ऐकून ओसरीत जायच्या. ही रीत कुठे लिहून ठेवलेली नव्हती, पण ती सगळे पाळत.

पुढे माळवदे गेली, स्लॅब आले. स्लॅबवर खोली, खोलीवर पुन्हा खोली. ज्या अंगणाला फक्त आभाळ दिसत होते, त्याला आता शेजाऱ्याची खिडकी दिसू लागली.

मग बांधकामाचे नियम काय करतात? मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळून राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकच नियमावली लागू आहे, एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. नगरपरिषदेच्या गावांनाही तीच लागू. राहत्या खोलीला उजेड-वारा मिळाला पाहिजे, खिडकी मोकळ्या जागेवर उघडली पाहिजे, इमारत उंच होईल तसे बाजूचे अंतर वाढले पाहिजे, हे सारे त्यात आहे. पण हे मोजमाप उजेडाचे, हवेचे आणि आगीपासून बचावाचे आहे, नजरेचे नाही. शिवाय जुन्या दाट वस्तीत जागाच अपुरी, म्हणून तिथे बाजूच्या अंतरात मोठी सवलत आहे. म्हणजे जिथे घरे एकमेकांना चिकटून आहेत, तिथेच अंतराचा आधार सर्वांत कमी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. ऐन हद्दीवरच्या भिंतीत खिडकी काढली तर तिच्यापुढची मोकळी जागा आपली नसते, शेजाऱ्याची असते. अशा खिडकीला नियमाचा आधार मिळणे कठीण.

नजरेचा विचार आपल्या कायद्यात अजिबात नाही असे मात्र नाही. तो फार जुन्या कायद्यात आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 सालचा. मुंबई इलाख्याला तो 1891 मध्ये लागू झाला. त्याच्या कलम 18 मध्ये रूढीने मिळणारे हक्क सांगितले आहेत आणि तिथले एक उदाहरण खिडकीचेच आहे. शेजाऱ्याच्या खाजगीपणावर मोठा घाला येईल अशी नवी खिडकी काढायची नाही, अशी एखाद्या गावाची रूढी असेल, तर तिथल्या घरमालकाला त्या रूढीचा हक्क मिळतो. 1888 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात अशी रूढी मान्य केली. नव्या घराचा व्हरांडा आणि दारे यांतून शेजारच्या घरातला बायकांचा वावर दिसतो, अशी तिथे तक्रार होती. गुजरातेतली अशी रूढी मुंबई उच्च न्यायालयानेही एकोणिसाव्या शतकात मानली होती. मात्र रूढी आहे असे नुसते सांगून भागत नाही, ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. माळवदावर चढणाऱ्या गड्याच्या हाकेचा पुरावा आज कोण देणार?

त्याच कायद्याचे कलम 15 उलट बाजूचे आहे. एखाद्या खिडकीतून वीस वर्षे उघडपणे, विनातक्रार, विनाखंड उजेड येत राहिला, तर त्या उजेडाचा हक्क तयार होऊ शकतो. मग समोरच्याला भिंत उभारून तो बुजवता येत नाही. हक्क उजेडाचा तयार होतो, पाहण्याचा नाही. पण भिडेखातर वीस वर्षे गप्प बसणाऱ्याच्या हातून भिंत बांधण्याचा उपाय जातो, हे खरे.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. बाईला तिच्या खाजगी क्षणी चोरून पाहणे हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये येतो. पण ते कलम पाहणाऱ्याला शिक्षा देते, खिडकीची जागा ठरवत नाही.

ती जागा दुसरीकडे कशी ठरवली, ते पाहण्यासारखे आहे. फ्रान्सच्या 1804 च्या दिवाणी संहितेनुसार शेजाऱ्याच्या जागेवर सरळ उघडणारी खिडकी हद्दीपासून किमान 1.90 मीटर दूर हवी. उस्मानी तुर्कस्तानात 1869 ते 1876 या काळात मजल्ला नावाची संहिता तयार झाली. स्वयंपाकघर, विहिरीची जागा, अंगण, अशी बायकांच्या वावराची जागा खिडकीतून दिसत असेल तर तिने तो मोठा उपद्रव मानला. पण उपाय सौम्य सांगितला: मध्ये आडोसा घाला, खिडकी पूर्ण बुजवण्याची सक्ती नको. आणि खिडकी माणसाच्या उंचीपेक्षा वर असेल तर तक्रारच चालणार नाही. इंग्लंडमध्ये आज स्वतंत्र परवानगीशिवाय घर वाढवताना वरच्या मजल्याच्या बाजूच्या खिडकीला धूसर काच लागते, आणि जमिनीपासून 1.7 मीटरच्या खालचा भाग उघडता येत नाही. शतके वेगळी, देश वेगळे, पण हिशेब माणसाच्या डोळ्यांच्या उंचीचाच.

आमच्या भागातली एक हकीकत सांगतो, नावे सांगत नाही. मुलगी बारावीला, म्हणून एकाने स्लॅबवर खोली बांधली. खिडकी उघडली ती शेजारच्या अंगणावर. त्या घरातली म्हातारी रोज सकाळी तिथे उन्हाला बसायची, केस वाळवायची. तिने बसणे सोडले. मुलाने रागाने पत्रा उभा केला. मुलीला भर दुपारी दिवा लावून अभ्यास करायची वेळ आली. दोन घरांत येणारी-जाणारी भाजीची वाटी थांबली. वकिलापर्यंत गोष्ट गेली होती. शेवटी तोडगा काढला तो गवंड्याने. तो म्हणाला, "काका, उजेड वरून येतो, नजर खालून जाते." खिडकीच्या खालच्या भागाला धूसर पक्की काच बसली, वरचा भाग उघडता राहिला. पत्रा उतरला.

आमच्या दर्ग्यांतल्या दगडी जाळ्या पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आल्या आहेत. वारा अडवायचा नाही, फक्त नजरेला थोपवायचे.

तेव्हा बांधणाऱ्याने नकाशा काढतानाच खिडकीचा तळ डोळ्यांच्या वर घ्यावा, नाहीतर खाली जाळी किंवा धूसर काच घालावी. ज्याला त्रास होतो त्याने वेळीच आणि लेखी बोलावे. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. बांधकाम नकाशाबाहेर असेल तर 1966 च्या नगररचना अधिनियमाखाली नगरपरिषद नोटीस काढू शकते. आणि चौकट बसण्याआधी एकदा शेजाऱ्यालाच वर बोलवावे, त्या जागी उभे करावे आणि विचारावे, "बघा, इथून तुमचे काय काय दिसते?" चौकट दोन फूट वर सरकवायला त्या दिवशी फार पैसे लागत नाहीत.